इस्त्रीची चौथी फेरी

"मिस्त्री आहेत का?" दारातून कुणीतरी विचारलं.

"आहेत. बोला," ठिणगी मान वर न करता म्हणाली.

विजेच्या वस्तू दुरुस्त करायच्या त्या अरुंद दुकानात तिच्याशिवाय कुणीच दिसेना, तेव्हा दारातला तरुण जरा गोंधळला. हातात जड इस्त्री, गळ्यात मोजायची फीत. गल्लीच्या टोकाला नवं दुकान टाकलेला टेलर तो हाच, हे तिनं फितीवरून ओळखलं. बाबा बाहेर बाकावर पेपर चाळत होते. बारीक तारा दिसेनाशा झाल्यापासून त्यांनी सगळं काम लेकीवर सोपवलं होतं. 'ठिणगी' हे नावही त्यांनीच पाडलेलं, कारण पोरगी लहानपणापासून कुणाचं ऐकून घ्यायची नाही.

तिनं इस्त्री तपासणीच्या दिव्याला जोडली. आतली तार सलग असेल तर दिवा लागतो, तुटली असेल तर नाही. दिवा लागला नाही.

"तार जळली आतली. बसा."

तो बसला, आणि बघत राहिला. नवी तार बसवून तिनं तळाचा पत्रा लावण्याआधीच क्षणभर करंट सोडला. तार हळूहळू तांबूस झाली, मग नारिंगी… तो उजेड तिच्या हनुवटीवर पडला आणि टेलर बघता बघता हरवून गेला.

"एक विचारू? करंट तोच. मग बाहेरची वायर गार आणि आतली लाल कशी?"

"बाहेरची तांब्याची. ती करंटला सहज जाऊ देते. आतली हट्टी. ती अडवते. अडवलं की तापतं."

"आणि फारच तापलं तर?"

"मग उजेड पडतो. दिव्यातली तार तर पांढरी होईपर्यंत तापते. म्हणून काचेत ठेवायची. हवा लागली की संपली."

"म्हणजे जपावं लागतं…"

"हो. तारेला," ती म्हणाली, आणि गालातल्या गालात हसली.

पंधरा दिवसांत इस्त्री दुसऱ्यांदा आली, मग तिसऱ्यांदा. दर वेळी तो काहीतरी विचारी — गिझर पाणी कसं तापवतो, टोस्टर आपोआप बंद कसा होतो — आणि ती सांगता सांगता रंगून जाई. तो गेला की दुपार उगीचच लांबलचक वाटे.

तिसऱ्या खेपेला मात्र तिनं तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं. जळलेल्या तारेच्या टोकाला काळी, बारीक गोळी येते. हे टोक तिरकं होतं, चकचकीत होतं. कात्रीनं कापलेलं. आधी तिला हसू फुटलं, मग कानाच्या पाळ्या तापल्या. पण तिनं नवी तार बसवून इस्त्री परत दिली. कापणाऱ्यानंच बोलायला हवं, असं तिचं म्हणणं.

त्याच आठवड्यात पत्र आलं. दूरच्या गावी हीटर बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात नोकरी. शनिवारपर्यंत होकार कळवायचा. ही नोकरी तिला केव्हापासून हवी होती, आणि आता पेन हातात घेतलं की मन घुटमळत होतं. तेही कुणासाठी, तर इस्त्री-गिझरपलीकडे काही न बोलणाऱ्या माणसासाठी. तिला स्वतःचाच राग येत होता.

शनिवारी दुपारी भुरभुर पाऊस होता. टेलर धावतच आला, केस ओले, इस्त्री छातीशी धरलेली. तिनं ती दिव्याला जोडली. दिवा झगझगीत लागला.

"इस्त्री चांगली आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग आणलीत कशाला?"

"आज… तार कापायला वेळच नाही मिळाला. बाबांनी आत्ता माझ्या दुकानात येऊन सांगितलं, तू जाणार म्हणून." 'तू' कधी तोंडातून निघालं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. "रिकाम्या हातानं कसं यावं, सुचेना."

"किती वेळा कापलीस?"

"दोनदा. पहिल्यांदा खरंच जळली होती." त्यानं गळ्यातली फीत बोटाला गुंडाळली. "मला तू आवडतेस. फार."

तिला वाटलं, आता तो 'थांब' म्हणणार. तो म्हणाला तर आपण थांबू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि मग जन्मभर त्याला बोल लावू, हेही.

"थांब म्हणायला आलास?"

"छे. तारेबद्दल बोलताना तुझा चेहरा बघितलाय मी. तू जा. मला फक्त एक विचारायचं होतं…"

"काय?"

"त्या गावात लोक कपडे घालतात ना?"

ती बघतच राहिली. मग हसली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. बाहेर वळचणीखाली बाबांनी पेपर आणखी वर धरला.

"घालत असावेत."

"मग मशीन कधी हलवू?"

"आधी मला होकार तर लिहू दे," ती म्हणाली, आणि पेन शोधायच्या आधी तिनं त्याचा हात धरला.