दोन माणसांचा टप

भर पावसात, उघड्या गाडीत, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात छत्री धरलेला माणूस माझ्या दुकानासमोर थांबला, तेव्हा मला आधी हसू आलं. मग त्याच्या चष्म्यावरून ओघळणारं पाणी दिसलं आणि हसू आवरतं घ्यावं लागलं. गाडी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, अमेरिकन, फिकट निळी. लांबी अशी की नाक माझ्या दारात आणि शेपूट शेजारच्या कुलूपवाल्याच्या दारात.

"हिला टप नाही का?" मी विचारलं.

"आहे ना... पण त्याला दोन माणसं लागतात." तो ओशाळला. "समोरच्या काचेवरच्या दोन्ही कड्या एकदम लावाव्या लागतात. एक लावून दुसरीकडे जावं, तर पहिली सुटते."

गाड्यांच्या गाद्या आणि कापडी टप शिवणं हाच माझा धंदा. माझ्या डोळ्यांदेखत गादी भिजताना मला बघवेना. धावत जाऊन मी पलीकडच्या बाजूने आत बसले, त्याने टप पुढे ओढून तीनपर्यंत मोजलं, आणि दोन्ही कड्या एकदम बसल्या. डोक्यावरच्या कापडावर पाऊस तडतडत होता. इतक्या जवळ कोणी बसून किती दिवस झाले, ते मला आठवेना.

"पाऊस थांबेपर्यंत बसा," तो म्हणाला. "म्हणजे... दुकान तुमचंच आहे, जायचं तर जा."

मी बसले. तो चष्मे बनवायचा. गाडी त्याच्या आईबाबांची. बाबा चालवायचे, दुसऱ्या कडीचा मान आईचा. आई गेल्यावर बाबांनी टप पुन्हा उघडला नाही, आणि गेल्या वर्षी बाबाही गेले. आता जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका गृहस्थांनी ती घेतली होती. रविवारी ती त्यांच्याकडे पोचवायला निघायचं, दोन दिवसांचा रस्ता, आणि अट अशी की गाडीला एकही नवं भोक पडता कामा नये.

"निघायच्या आधी एकदा उघडून फिरावं म्हटलं, तर हे असं. टप एकट्याला लावता येईल असं काही करून द्याल?" त्याने विचारलं. "मी एकटाच असतो."

बुटाचं माप सांगावं तितक्या साधेपणाने तो हे बोलला. मला मात्र ते फार लागलं, कारण माझंही माप तेच होतं. मला हा धंदा शिकवणारे मामा गेल्यापासून दुकानात दोनच आवाज उरले होते, मशीनचा आणि माझा. वरच्या खोलीत मी एकटीपुरता स्वयंपाक करायचे, तरी तो उरायचाच.

युक्ती मला त्याच दिवशी सुचली होती. टपाच्या पुढच्या कमानीला जाड पट्टा गुंडाळायचा, तो आतल्या आरशाच्या दांड्याला अडकवून बक्कल आवळायचं, म्हणजे एक बाजू धरलेली राहते. पण मापं घ्यायला तो रोज संध्याकाळी यायचा आणि मापं काही केल्या संपायची नाहीत.

"सुई ओवताना डोळे किती बारीक करता," तो एकदा म्हणाला. "नंबर आहे तुम्हाला."

"गिऱ्हाईक गाठायची युक्ती दिसते. सगळ्यांना हेच सांगत असाल."

"नाही... सगळ्यांच्या डोळ्यांकडे इतका वेळ बघत नाही मी."

दोरा सुईतून निसटला, आणि मी तो शोधण्याचं सोंग बराच वेळ केलं.

शुक्रवारी पट्टा कापायला घेतला. दोन बोटं आखूड कापला असता, तर 'जमत नाही हो, कोणीतरी सोबत न्यावंच लागेल' असं सांगता आलं असतं. कात्री हातात घेऊन मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. पण एकट्या माणसाला अडवून जवळ ठेवायचं, हे मनाला पटेना. मापात कापला, दुहेरी शिवण घातली आणि त्या दिवशी जेवले नाही.

शनिवारी त्याने टप लावून बघितला. एक कडी लावली, पट्टा आवळला, पलीकडे सरकून दुसरी लावली. अगदी एकट्याने. मी रस्त्यात रिकाम्या हातांनी उभी होते.

"जमलं," गाडीतून उतरत तो म्हणाला.

"जमणारच होतं."

त्याने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. जायचं नाव घेईना. मीच धीर केला.

"आता तुम्हाला कोणाची गरज नाही. पट्टा मी स्वतः ताणून पाहिलाय, दगा द्यायचा नाही. म्हणूनच आता विचारते... उद्या मी सोबत आले तर चालेल? मदतीला नाही. तुम्ही मला आवडता, म्हणून."

चष्मा हातात तसाच धरून तो गाडीकडे वळला. झालं, मी मनात म्हटलं, एवढीही ओळख गेली हातची.

"परत येताना गाडी नसेल," तो म्हणाला. "बसने यावं लागेल. दोन दिवस धक्के खात."

"मी कुठे गाडीवर भाळलेय?"

तो आत वाकला, बक्कल सोडलं, पट्टा नीट गुंडाळला आणि माझ्या हातात ठेवला.

"हा इथेच राहू दे. उद्या सकाळी सहाला येतो." मग गाडीत बसता बसता, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "आठवडाभर मी रोज यायचो ना... रोज वाटायचं, आज तुम्ही म्हणाल, हे जमण्यातलं नाही."