चौकटी कंसातला आकडा

“आमची हरकत कायम आहे.”

हे इंग्रजी वाक्य निशिगंधाला आधी लाकडी पार्टिशनपलीकडून ऐकू आलं, आणि मग अर्ध्या सेकंदाने हेडफोनमधून.

ती थिजली. टिटवाळ्याला दुपारी वीज गेली, म्हणून ती कल्याणला तासावर टेबल देणाऱ्या या ऑफिसात धावत आली होती. मोबाइल नेटवर्कचे जागतिक नियम ठरवणाऱ्या गटाची ऑनलाइन बैठक चालू होती. ठाण्याच्या तिच्या कंपनीचा प्रस्ताव साधा होता — सिग्नल क्षीण असेल तर फोनने टॉवरला आठ वेळा हाक मारावी. पण इथे मतदान नसतं. एकाने जरी हरकत धरून ठेवली तरी कागद बाजूला पडतो. दुसऱ्या कंपनीच्या सिद्धेशच्या हरकतीमुळे आठ महिने तो पडतच होता, आणि आज शेवटची संधी होती. नाहीतर पुढची आवृत्ती, म्हणजे दीड वर्ष.

अध्यक्षबाईंनी वीस मिनिटांची सुट्टी दिली. निशिगंधा पार्टिशनला वळसा घालून गेली.

“सिद्धेश तुम्हीच?”

चहाचा कप तोंडाशी नेलेला तरुण तसाच थांबला. “हा आवाज… निशिगंधा? तुम्ही इथे कशा?”

“ते राहू दे. आठ महिने काय वैर आहे माझ्याशी?”

“वैर कसलं? आठदा ओरडला की बॅटरी संपून स्वस्तातला फोन संध्याकाळपर्यंत मान टाकेल. माझी आई शहाडला तोच वापरते.”

“आणि आमच्या जिन्याखालून माझ्या आईच्या फोनची हाक टॉवरपर्यंत पोचतच नाही, त्याचं काय?”

“मग किती वेळा ते टॉवरला ठरवू दे ना.”

निशिगंधा त्याच्याकडे बघतच राहिली. “हे फेब्रुवारीत का नाही बोललास?”

“बोललेलो. तू पुढच्या मुद्द्यावर गेलीस.”

ते खरं होतं, म्हणून तर तिला अधिकच राग आला. तिने खुर्ची ओढली. बारा मिनिटं एकाच कीबोर्डवर दोघांचे हात — तिने लिहायचं, त्याने स्वल्पविराम खोडायचा, तिने परत टाकायचा. टॉवरने जास्तीत जास्त किती हाका मारायला सांगाव्यात, ती वरची मर्यादा काही जमेना. ती आठवर अडली, तो चारवर. शेवटी आकडा चौकटी कंसात टाकला. या लोकांची रीतच ती — बाकीचं मंजूर होतं, कंसातलं पुढच्या बैठकीत ठरतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी दोन्ही कंपन्यांच्या नावाने प्रस्ताव मंजूर झाला.

निशिगंधाने डोळे मिटले. मग एकदम उघडले. “परवाच्या बैठकीत तू दोन हाकांमधल्या टायमरबद्दल विचारलंस. ते तर आमच्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर होतं.”

“हो… वाचलेलं.”

“मग?”

सिद्धेश कपात बघत म्हणाला, “तू वैतागून, पण एकेक पायरी धरून समजावतेस. कोणी इतकं नीट समजावलं नव्हतं मला. पुन्हा ऐकावंसं वाटलं.”

“चाळीस देशांचे लोक ताटकळले त्यासाठी.”

“सॉरी.”

निशिगंधाचे कान गरम झाले होते.

“रविवारी टिटवाळ्याला ये,” ती म्हणाली. “आमच्या जिन्याखाली चार हाकांत फोन लागतो का ते मोजू.”

“नाही लागला तर?”

“तर आठ.”

“आणि लागला तर?”

“तर… चहा पिऊन जा. मी आईला सांगते, आठ महिने छळणारा माणूस येतोय.”

“ओळखतात मला?”

“जेवताना रोज तुझंच नाव असतं,” निशिगंधा म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून लॅपटॉपची वायर उगाचच गुंडाळत बसली.