उ उजेडाचा

डार्करूममधून बाहेर पडताना ती थेट त्याच्यावरच आदळली. कुप्यांचा ट्रे त्यानं वरच्या वर झेलला म्हणून बरं!

"डोळ्यांवर संशोधन करता ना? मग समोरचा माणूस दिसत नाही?"

"तासभर अंधारात होते... आणि तुम्ही कोण?"

"मोजणीच्या यंत्रावरचा नवा माणूस. या कुप्या आता माझ्याच गळ्यात पडणार."

पडल्याच. आणि कुप्यांमागून ती. डोळ्याच्या पडद्यावर उजेड पडला की तिथं डोपामिन वाढतं. एक एन्झाइम ते बनवतं, दुसरं ते फस्त करतं. हे सगळं ती त्याला सांगायची आणि तो हनुवटीखाली हात घेऊन असा काही ऐकायचा की बाईसाहेबांचं पुढचं वाक्यच हरवायचं.

मग तो मंगळवार उजाडला. डोळ्यांच्या पडद्याच्या नमुन्यांच्या, दोन महिन्यांच्या मेहनतीच्या कुप्या तिनं त्याच्या हवाली केल्या, निम्म्यांवर 'अं', निम्म्यांवर 'उ'. आणि बुधवारी निकाल काय, तर उजेडातल्या कुप्यांत डोपामिन जवळजवळ शून्य!

"या कधी मोजल्यात?"

"आज सकाळी. 'अं'च्या कालच उरकल्या, पण यांच्यावर तुम्हीच लिहिलंत ना... उ म्हणजे उद्या."

"अहो, उ म्हणजे उजेड! रातोरात एन्झाइमनं सगळं खाल्लं की!"

"पण फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या..."

"थंडीत ते सावकाश जेवतं, उपाशी राहत नाही!" म्हणता म्हणता तिला रडूच कोसळलं.

प्रयोगशाळेच्या सरांनी दोघांना बोलावलं. तो मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी."

"मग यंत्रावर दुसरा माणूस बघतो," सर म्हणाले.

दोन महिने गेले त्याचं तिला दुःख होतंच, पण हा गेला तर?

"सर, अख्खा शब्द लिहायचा आळस मी केला. कुप्या पुन्हा तयार करीन. पण... मोजायला हेच हवेत."

"मोजायलाच ना?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. ती लाजून चूर. "बरं, राहू दे त्याला."

बाहेर आल्यावर तो तिच्यासोबत चालू लागला.

"एक सांगू? रागावू नका. सगळ्या कुप्या मंगळवारीच मोजून संपल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कशाला आला असता? मला उद्याच हवा होता... म्हणून तसंच वाचलं गेलं."

ती थबकली. रागवायचं होतं खरं, पण हसूच फुटलं.

"वेड्या," ती पहिल्यांदाच एकेरीवर आली, "मी तशीही आले असते रे."