टेपचं दुसरं टोक

ही घडलेली गोष्ट आहे. तीही भरदुपारची, त्यामुळे अंधारात भास झाला म्हणून उडवून लावायची सोय नाही. यांगत्सेच्या काठचा आमचा संत्र्यांचा उतार. जूनमधला दुसरा सोमवार. दुपारचे चार.

आधी माझ्या वेनकायमामाचा खोटा आकडा लिहिण्यात फायदा काय होता, ते सांगतो.

उतारावर जमिनीला पडलेली भेग महिन्याला बोटभर रुंदावली, की गाव उठवून वरच्या वसाहतीत न्यायचं, असं सरकारने ठरवलं होतं. नाही रुंदावली, तर मामाकडे तीन गोष्टी राहणार होत्या. एक्केचाळीस झाडं. घर. आणि लिनफांगमामीच्या थडग्याशेजारची रिकामी जागा.

पहिल्या दोन त्याने हसत सोडल्या असत्या.

थडगी मात्र उतारावरच राहणार होती. उतार सरकता ठरला, की तिथे खणायला परवानगी नव्हती; ना थडगं हलवायला, ना नवं करायला.

भेग मोजायचं काम मुळात मामीचं. भेगेच्या वर एक खुंटी, खाली एक. मामी वर उभी राहून टेपची कडी खुंटीला धरायची, मामा खाली आकडा वाचायचा. कडी नीट बसली, की ती टेपला दोन हिसके द्यायची.

म्हणजे, वाच आता.

दर सोमवारी हे चालायचं. स्वयंपाकघरात काशाची थाळीही टांगलेली असायची. धोका दिसला की वाजवायची... तीन ठोके, थांबा, तीन ठोके. मामी गेली आणि टेप, वही, थाळी मामाकडे आली. आता कडी तो वरच्या खुंटीवर ठोकलेल्या खिळ्याला अडकवायचा.

दरवर्षी पावसाळ्याआधी धरणाचं पाणी उतरवतात. पाण्याचा टेकू गेला, की आमचा उतार खाली सरकतो. त्या वर्षी फार सरकला.

मामाने वरची खुंटी उपटली. भेगेच्या चार बोटं जवळ ठोकली.

आकडा जुनाच आला.

असंच करत मे संपेपर्यंत खुंटी वीतभर खाली आली होती. तपासणीला आलेल्या लू मॅडमनी वही चाळली. "काका, तुमची भेग फार आज्ञाधारक हो," त्या म्हणाल्या. "नदी एवढी उतरली तरी जागची हलली नाही?"

"माझ्या वळणावर गेलीय," मामा म्हणाला. "मीही हलत नाही."

मॅडम हसल्या. वहीवर सही केली.

आता तो सोमवार.

मामाने कडी खिळ्याला अडकवली, भेग ओलांडून खाली आला, टेप ताणला. ऊन स्वच्छ होतं. वारा नव्हता.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं... झाडांवर एकही पाखरू बोलत नव्हतं.

तो आकडा वाचायला वाकला.

टेपला हिसका बसला...

एक.

दोन.

मामाने वर पाहिलं. कुणी नव्हतं. कडीही खिळ्यावर नव्हती. वीतभर वर, जुन्या खुंटीच्या भोकात ती घट्ट बसली होती. मामी धरायची, नेमक्या तिथे.

टेपवर खरा आकडा होता.

मामाने ओढून पाहिलं. कडी निघेना.

"सोड," तो हळूच म्हणाला. "खरं लिहिलं, तर तुला इथे ठेवून जावं लागेल मला."

टेप थोडा वेळ ताणलेलाच राहिला. मग सैल पडला.

आणि खाली, त्याच्या घरात... थाळी वाजली.

तीन ठोके. थांबा. तीन ठोके.

घराला कुलूप होतं. किल्ली मामाच्या खिशात होती.

खाली माणसं बाहेर पडली. दर मेमध्ये सराव व्हायचा, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं आणि सगळे पायवाटेने वर निघाले. मामा मात्र खाली धावला. थाळी कोण वाजवतंय, हे त्याला माहीत होतं. तिला एकदा बघायचं होतं, बस.

चार पावलांवर टेप ताठ झाला. मनगटात त्याचा पट्टा अडकलेला होता.

ओढ वरच्या बाजूने होती. पाय घसरत, एकेक पाऊल, तो भेगेच्या वर ओढला गेला.

वर कुणीच नव्हतं.

शेवटचं माणूस, ख्वांगकाकू, धापा टाकत पोचली... आणि थाळी थांबली.

मग उतार गेला. आधी झाडं उभीच्या उभी खाली चालू लागली, मग घरं. सगळ्यांत शेवटी नदीचा आवाज आला.

धूळ बसल्यावर ख्वांगकाकू म्हणाली, "भाऊ, वेळेवर वाजवलीत. अगदी लिनफांगसारखी."

मग ती त्याच्याकडे बघत राहिली.

"पण तुम्ही तर इथे वर होतात..."

मामाने मनगटातला टेप गुंडाळायला घेतला. पुढे त्याला प्रमाणपत्र मिळालं, सत्कार झाला, जागरूक निरीक्षक म्हणून फोटो लागला. भेगेची वरची कडही ढासळून खुंटी नदीत गेली होती. विचारणार कोण?

मला त्याने हे सांगितलं चिंगमिंगला. त्या दिवशी सगळे आपापल्या माणसांची थडगी झाडायला जातात. मामा केरसुणी घेऊन पाण्याच्या काठी बसला होता. झाडायला काही नव्हतं.

आता तो वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहतो. सोमवारी चार वाजले, की खिडकीच्या खिळ्याला कडी अडकवतो, टेप ताणतो आणि वाट बघतो. परवा मीही तिथे होतो. हिसका बसला नाही. पण उठताना पाहिलं, तर कडी खिळ्यावर नव्हती... खिडकीबाहेर, नदीच्या बाजूला लोंबत होती. मी ते मामाला सांगितलेलं नाही.

त्या दुपारचा हिशेब सरकारने मांडला तो असा. घरं गेली अकरा. माणसं वाचली सदतीस. गेलं कुणी नाही.

मामाकडच्या कागदावर तिथे त्याने पेनने एक आकडा घातला आहे. गेलं एक. दुसऱ्यांदा.