डाव्या मागच्या चाकाचे नट

ती लाल गाडी आमच्या दुकानासमोर थांबली, तेव्हा मी ट्रकच्या टायरवर बसून भेळ खात होते.

दोन हजार तीन सालचा श्रावण होता. क्षणात ऊन, क्षणात सर. यवतला पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला आमचं टायरचं दुकान. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून उभं केलेलं. एकदा ट्रकच्या चाकाची रिंग निसटून त्यांच्या उजव्या मनगटावर बसली, तेव्हापासून जड पाना माझ्या हातात आला. मी आयटीआय केलेली. बॅलन्सिंगचं मशीनही मीच चालवायची.

गाडीतून एक उंच पोरगा उतरला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "मेकॅनिक कुठंय?"

"तुमच्यासमोर हाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग भेळेच्या कागदाकडं... आणि कानापर्यंत लाल झाला. "सॉरी हं."

तो सत्यजीत. जवळच्या राहू गावच्या पोपटरावांचा धाकटा. उसाचं रान, दारात पुढाऱ्यांच्या जीपा, असलं घर. पुण्यात इंजिनिअरिंग करून शेती बघायला परत आला होता, पण जीव सगळा त्या गाडीत. त्यानं खिशातून रंगीत कॅटलॉग काढला आणि एका चकचकीत चाकावर बोट ठेवलं.

"ही बसवायचीत. सतरा इंची."

"बसतील. पण खड्ड्यात गेली की टायर मडगार्डला घासणार. आन् राहूच्या रस्त्याला खड्डे किती, ते तुम्हालाच ठाव."

"दिसायला भारी दिसतात हो..."

"गाडी दाखवायचीय का पळवायचीय?"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा किंचित बारीक व्हायचा. "पळवायचीय. महिन्याभरानं नाशिककडं घाटात शर्यत आहे."

"मंग पंधरा इंची अलॉय घ्या, वजनाला हलकी. टायर रुंद घ्या, पण बाहेरची गोलाई आधीच्याएवढीच ठेवा. न्हाईतर स्पीडोमीटर खोटं बोलतो."

"आणि खोटं बोललेलं तुम्हाला चालत नाही?"

"चाकांच्या बाबतीत तर न्हाईच."

त्यानं कॅटलॉगची घडी घातली. माझं ऐकलं. गिऱ्हाईक माझं असं सहज ऐकत नसे. बहुतेक जण आबांकडं मान वळवून खात्री करून घ्यायचे.

मग तो येतच राहिला. कधी अलाइनमेंट, कधी नुसती हवा. मी सांगितलं होतं की हवा थंड टायरची तपासायची, लांबून पळवून आणलेल्या गरम टायरचा आकडा खरा नसतो. तर हा सकाळी सातला हजर!

"राहूपासून आलात न्हवं? टायर गरमच हाय."

"हळू आलो. अगदी बैलगाडीसारखा." मग हळूच म्हणाला, "माणसाचा खरा आकडा कधी कळतो, प्रतिभा?"

आत आबा खाकरले. मी हवेच्या गेजकडं बघत राहिले. काटा स्थिर होता... तरी मी आकडा दोनदा वाचला.

घरी गेल्यावर मात्र धास्ती वाटायची. त्याचं घर कुठं, आमचं कुठं. पोपटरावांच्या रानात आमच्या आजोबांनी मेंढरं बसवलेली, खतासाठी. गावात कुणी एक शब्द बोललं असतं तर आबांची मान खाली गेली असती. आणि दुसरी भीती त्या घाटाची. डोळे मिटले की मला वळण दिसायचं, आणि वळणावर लाल गाडी.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी तो नवी चाकं घेऊन आला. दौंड स्टेशनवर सोलापूरहून येणाऱ्या मित्राला घ्यायचं आणि तसंच पुढं नगरमार्गे नाशिक गाठायचं, असा बेत होता. मी टायर चढवले. टायरवरचा बाण पुढं फिरतोय ना, ते दोनदा बघितलं. बॅलन्सिंग केलं. गाडी जॅकवरून खाली घेतली आणि टॉर्क पाना घेऊन नट शेवटचे आवळायला बसले. त्या पान्याचं एक बरं, नट हवा तेवढा आवळला की तो "टक्" करतो. पुढची दोन चाकं झाली. उजवं मागचं झालं. मी डाव्या मागच्या चाकाशी बसले, तेवढ्यात तो शेजारी येऊन बसला.

"प्रतिभा... परत आलो ना, की मी आबांशी बोलणार आहे. तुझं काय म्हणणं आहे?"

कान गरम झाले. मी उठले, उगीच हात पुसले, म्हणाले, "उशीर व्हईल तुम्हाला. निघा."

तो निघाला. धूळ बसली. मी पाना खुंटीला लावला आणि तिथंच थबकले. डाव्या मागच्या चाकाचा "टक्" मी ऐकला होता का?

आठवेना. त्याचे शब्द आठवत होते, त्याच्या बाहीवरचा ग्रीसचा डाग आठवत होता, आवाज आठवत नव्हता. धावत जाऊन फोन फिरवला. रिंग वाजली... आमच्याच काउंटरवर. मोबाइल विसरून गेला होता!

"आबा, मी दौंडला चालले."

"अगं, पण काय झालं..."

"आल्यावर सांगते!"

पिशवीत पाना आणि त्याचा मोबाइल टाकला आणि आबांची एम-एटी दुचाकी काढली. चौफुला गेला, मागं एसटी हॉर्न देत होती. सर आली, चेहऱ्यावर सुयांसारखी टोचत होती. हातानं आवळलेले नट किती किलोमीटर धरतील? पन्नास? वीस? वरवंडला रस्त्यात गर्दी दिसली आणि मी करकचून ब्रेक दाबला. माणसांच्या पायांमधून लाल काहीतरी रस्त्यावर पसरलं होतं... टोमॅटो. टेम्पो उलटला होता. ड्रायव्हर कडेला बसून कपाळ पुसत होता. मी मोठ्यानं रडले, आणि रडतच गाडी पुढं काढली.

दौंड स्टेशनबाहेर लाल गाडी उभी होती. मित्राची ट्रेन अजून यायची होती, तो बॉनेटला टेकून चहा पीत होता.

"तू? अगं भिजलीस किती! मोबाइल द्यायला एवढ्या लांब..."

मी थेट डाव्या मागच्या चाकाशी बसले. पहिला नट पाव फेरा फिरला. मग टक्. दुसरा तर जवळजवळ अर्धा.

वाटलं, गप्प बसावं. सहज तपासायला आले म्हणावं. त्याला कधीच कळलं नसतं. चारही नट आवळून मी उभी राहिले.

"हे नट मी आवळलेच नव्हते. तुम्ही बोललात आन् मी विसरले. चूक माझी हाय. घाटात चाक निघालं असतं."

त्याच्या हातातला कप खाली आला. चेहरा पांढरा पडला. तो चाकाकडं वळला. स्टेशनवर कुठल्याशा गाडीची घोषणा चालू होती आणि मला वाटलं, संपलं.

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"कसं आवळायचं ते. रस्त्यात परत तपासावे लागतील ना?"

"पन्नास किलोमीटरवर." मी पाना त्याच्या हातात दिला. "एकापाठोपाठ न्हाई आवळायचे, समोरासमोरचे आवळायचे."

तो चिखलात गुडघा टेकून बसला. पाना चुकीचा धरला होता. मी त्याचा हात धरून नीट केला... आणि सोडला नाही.

"सकाळी विचारलं होतं मी काहीतरी," तो चाकाकडं बघतच म्हणाला.

"तुम्ही आबांशी बोलू नका."

त्यानं झटकन वर पाहिलं.

"मी बोलते. आजच."

त्याचा डावा डोळा बारीक झाला.

परत आले तेव्हा दुपार झाली होती. आबा दुकानाच्या दारातच उभे. मी आधी नटांचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला खरं सांगितलंस?"

"व्हय."

"मंग? चिडला?"

"न्हाई. खाली बसला आन् कसं आवळायचं ते शिकून घेतलं." मी श्वास घेतला. "आबा, अजून एक हाय..."

"ते मला त्यो सकाळी सातला हवा भरायला आला तवाच कळलंय." आबा दुखऱ्या मनगटावरून हात फिरवत हायवेकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळावर आठी होती. "पोपटरावाच्या घरी सोपं न्हाई जायचं हे, पोरी. लई ऐकून घ्यावं लागंल."

"ठाव हाय."

"भ्या वाटतं?"

"लई."

"मला पण," आबा म्हणाले. मग आत वळता वळता थांबले. "शर्यत उरकली की रविवारी जेवायला बोलाव त्याला. घरी, दुकानात न्हाई."