नोथेंबाचे मणी

पडद्याखालून एक निळा मणी घरंगळत आला आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला लागून थांबला.

बाहेर तोझ सुटलं होतं. कुवेतमधलं हे धुळीचं वादळ भर दुपारी दिवा लावायला लावतं. हवल्लीच्या बाजारात जो तो दिसेल त्या दुकानात शिरत होता, तसं आमच्या शिंपीकामाच्या दुकानातही कुणीतरी शिरलं होतं. बावा, म्हणजे माझे वडील, कापड आणायला गेले होते. बिल्कीस फुफी, माझी आत्या, आतल्या खोलीत घोरत होती. मी पडद्याआड बसून एका कुवेती नवरीच्या झग्यावर टिकल्या टाकत होते. अशा वेळी गिऱ्हाईक आलं, तर आतूनच “बावा घरात नाहीत, मागून या” म्हणायचं आणि गप्प बसायचं, हा फुफीचा कायदा.

मी तसं म्हटलं, तेवढ्यात दुसरा मणी आला. पांढरा. मग तिसरा, चौथा... आणि मग मूठभर मण्यांची धावपळच सुरू झाली.

“बाय माजे, पाय हलवू नको गो! फुटतील!”

मला हसूच फुटलं. आवाज चांगला तरण्याताठ्या माणसाचा आणि बोलणं थेट माझ्या आज्याचं! श्रीवर्धनला आजे मला असंच ‘बाय माजे’ म्हणायचे. ते जाऊन कैक वर्षं झाली होती.

“तुमी कोण?” मी विचारलं.

“झहूर. वायरमन हाय. वाऱ्यात कॉलरीत खोचलेला रुमाल तोंडावर ओढायला गेलो, त्यात हार अडकला नि तुटला... तू वेचतेस काय?”

तू! ओळख ना पाळख, आणि तू!

“आमच्याकडे परक्या बाईला ‘तुमी’ म्हणतात,” मी ठसक्यात म्हटलं.

“असं काय?” तो खरंच गोंधळला. “मी आफ्रिकेत वाढलो. ही भाषा बावाशिवाय कुणाशी बोललोच नाय. आमच्या घरात ‘तुमी’ म्हणायला दुसरं होतंच कोण?”

आता यावर काय रागवायचं? मी ओंजळभर मणी वेचले आणि पडद्याखालून हात पुढे केला. त्यानं ते घेतले नाहीत. उलट माझ्या ओंजळीवर हलकेच काहीतरी ठेवलं. अजून त्याच्या अंगाची ऊब होती त्याला.

तो हार होता... आणि तो पाहून मी टिकल्या, झगा, कुवेती नवरी, सगळं विसरले.

मणी मोहरीएवढे. पण ओवलेले नव्हते, विणलेले होते! गळ्याभोवती गोफासारखी गोल दोरी, तिला छातीवर येणारी पंजाएवढी चौकट. चौकटीत पांढऱ्या जमिनीवर आभाळी निळ्या रंगाचे डोंगर, डोंगरांना गडद निळी किनार, खाली शिंपल्याची बटणं. मी उलटून पाहिलं. मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ, गाठ म्हणून कुठे दिसेना. वयाच्या बाराव्या वर्षापासून मी सुई धरते. माझ्यासारखी सुई हवल्लीत कुणाची नाही, असा माझा तोरा होता. तो त्या दुपारी उतरला, आणि गंमत म्हणजे उतरल्याचा आनंद झाला.

“कुणी केलं हे?” माझा आवाज कुजबुजल्यासारखा आला.

“एका बाईनं.”

“तुमच्यावर जीव असेल तिचा.”

“फार. माजाही तिच्यावर हाय.” त्याच्या आवाजात हसू होतं. “तिच्यासारखी दुसरी बाई मी बघितली नाय... आजवर.”

त्या ‘आजवर’च्या आधी तो जरासा थांबला, ते मला कळलं. पण जीव जडलेली बाई आहे, हेही कळलं. आणि कारण नसताना छातीत काहीतरी टोचलं.

एवढ्यात वाऱ्यानं पडदा उडवला. धुळीनं पांढऱ्या झालेल्या पापण्या, सावळा रुंद चेहरा, आणि आपलं काहीतरी मोडलंय ते कुणीतरी जोडेल, अशा आशेनं बघणारे डोळे. मी पदर ओढायला विसरले.

“शुक्रवारनंतर या, मुनिरा म्हणतात मला,” मी म्हटलं. “होईल.”

* * *

झालं नाही. काही केल्या जमेना.

आधी वीण समजून घ्यायची, तर ती हाताला लागेना. उजवीकडून जावं, तर मणी तिरका बसे. डावीकडून जावं, तर डोंगराचं टोक वाकडं होई. मी रोज झग्याचं काम उरकून हार पुढे घ्यायची आणि त्या कुठल्याशा बाईच्या बोटांमागून माझी बोटं चालवायची. कधी तिनं दोरा घट्ट ओढलेला असे, कधी सैल. इथे तिला कुणी हाक मारली असेल... इथे ती हसली असेल. मला तिचा हेवा वाटायला हवा होता. वाटायचाही. पण सुई हातात घेतली की हेवा कुठल्या कुठे जायचा आणि तिच्यापुढे बसून शिकत असल्यासारखं वाटायचं.

शेवटी वीण कळली. पण काही पांढरे मणी वादळातच हरवले होते आणि डोंगराच्या मधोमध चिमुकल्या खिडकीसारखी जागा रिकामी राहिली. हवल्लीत पाहिलं, बावांना सांगून सूकात, म्हणजे शहरातल्या मोठ्या बाजारात, शोधलं. एवढा बारीक पांढरा मणी कुठेच मिळेना.

मग मी आरशापुढे उभी राहिले आणि कानातली बुगडी काढली. ती बावांनी मला इथे आल्यावर घेतली होती. या समुद्रातले, जुन्या पाणबुड्यांनी काढलेले, राळ्याएवढे मोती होते तिला. मी ते सोडवले आणि त्या खिडकीत विणले.

का, ते विचारू नका. स्वतःला मी एवढंच सांगितलं, की काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

तो आला तेव्हा बावा गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते. फुफी आत नमाजाला बसली होती. मी पडदा चांगला हातभर सारून हार त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो उचलला, बघितला, आणि मोत्यांशी आल्यावर त्याचा अंगठा थांबला. मग त्यानं माझ्या उघड्या कानाकडे पाहिलं.

“हे काय केलंस तू?”

“आवडलं नाय? काढते—”

“नको!” त्यानं हार छातीशी धरला. “तुला ठाऊक नाय ना... जिनं हे विणलं, तिच्या मुलखात पोरगी तोंडानं काय बोलत नाय. मणी विणते नि पोरग्याला देते. त्याच्या मनात असलं, तर तो ते घालून चारचौघांत फिरतो. मग सगळ्यांना कळतं.”

माझे कान तापले. बुगडीचा तर फारच.

“मी आपली रिकामी जागा भरली,” मी पुटपुटले.

“स्वतःच्या कानातल्या मोत्यांनी?”

“पांढरा मणी मिळाला नाय.”

“आणि मिळाला असता तर?”

  तो हसत होता, मीही हसत होते, आणि मग एकाएकी त्याचं हसू गेलं.

“आधी तुला एक सांगायला हवं. ती बाई म्हणजे माजी आई. ती खोसा हाय, तिथलीच, आफ्रिकेची. बावाचं तिथल्याच ईस्ट लंडन बंदराला दुकान. ती तिथं मणी घ्यायला यायची. निकाहनंतर रहिमा झाली, पण आजोळी तिला नोथेंबाच म्हणतात. तिकडे आता रंग बघून ठरवतात, कुणी कुठं राहायचं. मी निघालो, तो परत न येण्याच्या कागदावर सही करून. निघताना तिनं हा हार गळ्यात घातला.” त्यानं श्वास घेतला. “हवल्लीत कुणाला ठाऊक नाय. शर्टाचं वरचं बटण मी कधी उघडत नाय. लाज वाटते म्हणून नाय. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं, तर माजा हात उठेल, म्हणून.”

मला खूप काही बोलायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे दुकानाच्या फळीशी उभी राहून निळा आणि पांढरा रंग निवडणारी एक बाई आली. पुन्हा दिसणार नाही अशा मुलाच्या गळ्यात आपलं सगळं कसब घालणारी. शब्द सुचेना. मी नुसती बघत राहिले... आणि तो त्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ लावून बसला.

“समजलो,” तो म्हणाला. हार रुमालात गुंडाळून निघून गेला.

* * *

तो पुन्हा आला नाही. आलं ते स्थळ. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत सुपरवायझर असलेला, मुरुडचा मुलगा, फुफीच्या नणंदेच्या नात्यातला. “शुक्रवारी संध्याकाळी शब्द द्यायचाय,” फुफीनं जाहीर केलं. “माणसं आपल्यातली हायत. सगळं माहितीतलं.”

बावा मान खाली घालून कापड बेतत राहिले. मला मात्र अन्न जाईना.

गुरुवारी सकाळी समोरच्या खांबावर शिडी लागलेली दिसली आणि शिडीच्या टोकाला तो. वर जाताना त्यानं आमच्या दुकानाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी काय केलं, ते आठवलं तरी आजही अंगावर काटा येतो. मी पडदा सारला, दुकानातून बाहेर आले, रस्ता ओलांडला आणि शिडीखाली उभी राहिले.

“झहूर!”

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली. वाचले मी.

“आईनं हार घालायला दिला की रुमालात बांधायला?”

“मुनिरा, लोक बघतायत—”

“बघू देत. त्या दिवशी मी गप्प बसले, ते नको म्हणून नाय. तुज्या आईचे हात कसे असतील, ते डोळ्यांपुढे आणत होते.” माझाही ‘तू’ निघून गेला होता आणि मला तो परत घ्यायचा नव्हता. “मोती मी मुद्दाम घातलेत. पांढरा मणी मिळाला असता, तरी मोतीच घातले असते. आता काय ते समज. उद्या संध्याकाळी माजा शब्द दुसऱ्याला जातोय.”

पक्कड उचलून मी शिडीच्या पायरीवर ठेवली. मी परतले, तेव्हा बाजारातले अर्धे लोक माझ्याकडे बघत होते.

* * *

शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर बाजारात एक कुजबुज सुरू झाली आणि ती आमच्या दुकानाकडे सरकत आली. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

झहूर येत होता. पांढरा सदरा, आणि सदऱ्यावर, साऱ्या हवल्लीच्या डोळ्यांदेखत, तो हार! उन्हात निळे डोंगर लखलखत होते. पुरुषाच्या गळ्यात मणी बघून चहावाला किटली तिरपी धरून तसाच उभा राहिला. कुणी हसलं नाही. हसणार कोण? आपल्यापैकी कुणाच्या गळ्यात असं काही कधी पडलंच नव्हतं. मला वाटलं, जगातले सगळे राजे असेच चालत असतील. माझे डोळे भरून आले.

तो दुकानात शिरला, बावांना सलाम केला आणि सरळ म्हणाला, “तुमच्या मुनिराचा हात मागायला आलोय.”

फुफी लगबगीनं पुढे आली. “कोण तुमी? गाव कुठलं? आजोळ कुठलं?”

“बावा म्हसळ्याचा. आई खोसा हाय, आफ्रिकेची. हा तिनं केलाय.”

फुफीनं तोंडावर पदर धरला. “म्हणजे... हबशी?”

झहूरच्या मुठी वळल्या, तशी मी पडदा सारून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिले. “आणि त्यातले मोती मी घातलेत, बावा.”

बावांनी माझ्या कानाकडे पाहिलं. मग चष्मा चढवला, पुढे झाले आणि हाराची चौकट हातात घेतली. उलटली. पुन्हा सुलटी केली.  या माणसानं दोन बोलांत माझ्या आयुष्याचं काय ते ठरवायचं होतं, आणि तो गाठ शोधत होता!

“गाठ सापडत नाय,” बावा शेवटी स्वतःशीच म्हणाले.

“मलाही नव्हती सापडली,” मी हळूच म्हटलं.

“भाईजान, लोकांना काय सांगायचं?” फुफी रडकुंडीला आली. “आपल्या घराण्यात—”

“बिल्कीस, आपले आजे जंजिऱ्याच्या नवाबाच्या चाकरीत होते. नवाबाचे पूर्वज कुठून आले होते गो? आफ्रिकेतूनच ना? पिढ्यान्‌पिढ्या वाकून सलाम केले आपण त्यांना. तेव्हा कुणी आजोळ विचारलं नाय.”

फुफीनं पदर सावरला. मुरुडच्या लोकांना काय सांगायचं, हे पुटपुटत आत गेली, पण जाताना तिनंही मान वळवून हार एकदा बघून घेतलाच.

बावांनी झहूरकडे पाहिलं. “आई येऊ शकेल निकाहला?”

“नाय. तिला कागद देत नायत. मीही जाऊ शकत नाय.” त्याचा हात हारावर गेला. “ती हे काय बघणार नाय.”

 बावांनी खांद्यावरची टेप काढली, झहूरच्या मानेभोवती धरली आणि कानामागचा खडू हातात घेतला.

“निकाहचा कुर्ता मी शिवतो,” ते म्हणाले. “गळा खोल ठेवू, इथवर. त्या बाईचं काम कापडाखाली जायला नको.”