बावखलात पडलेला बिल्ला

पोलिसाच्या घरी चोरी म्हटल्यावर नरहरीकाका विरारहून पुतणी संपदाबरोबर निघाले ते खुशीतच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना गुन्ह्यांची गोडी लागली होती. डोकं तेवढं पळत नसे, म्हणून शोध लावायचं काम संपदाचं.

वसईच्या त्या वाडीत दुपार केळीच्या पानांतून हिरवी होऊन उतरत होती. समोर बावखल, गोड्या पाण्याचं जुनं तळं, दोन पुरुष खोल. बघता बघता काकांना गुंगीच आली.

"पप्पा अकरा वर्षं अमेरिकेत पोलीस होते," एलिना सांगत होती. "त्यांचा पितळी बिल्ला या कपाटात असायचा. चावी पप्पांच्या गळ्यात, क्रुसाशेजारी. फक्त शुक्रवारी ती आतेभाऊ फ्लॉईडकडे असते, तो कपाट पुसतो. काल पुसून झालं आणि बिल्ला नाही! संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर मी त्याला वाडी सोडायला सांगणार आहे."

"कुंपणानंच शेत खाल्लं," काका पुटपुटले.

"तुम्ही तो कधी हातात घेतलाय?" संपदानं विचारलं.

"लहानपणी एकदाच. खेळताना बावखलात पडला. पप्पांनी काठावरूनच आंबे उतरवायच्या झेल्यानं उचलला. मग कधी हात लावू दिला नाही."

हिरव्या पाण्यावर सोनेरी चांदणी! काकांना ते चित्र फार आवडलं.

फ्लॉईड पानवेलींना पाणी घालत होता. "मी कपाट उघडला तवाच रिकामा होता. आई गेल्यावर मामांनीच मला वाढवला. मी त्यांची चीज उचलीन?"

जवळच्या आचोळ्याचा दीपेश गुन्ह्यांच्या खऱ्या गोष्टींचा पॉडकास्ट करायचा, आणि उद्या एलिनाच्या पप्पांची मुलाखत घेणार होता. तो वैतागला होता. "मी कशाला चोरू? उद्या तो माझ्या हातात येणारच होता. मागचा नंबर वाचून अमेरिकेला मेल टाकणार होतो. गुरुवारी अंकलना तसं सांगितलं पण होतं."

ओटीवर बसलेले एलिनाचे पप्पा, आल्बर्ट, एवढंच म्हणाले, "गेला तर गेला."

संपदानं सगळ्यांना बावखलापाशी बोलावून काठावर बसवलं, काकांच्या खिशातली पितळी तपकिरीची डबी काढली आणि पाण्यात टाकली.

"अगं, माझी डबी!"

"झेल्यानं उचला ना, काका."

"कशी उचलू? तळाशी गेली ती!"

"मग एलिनाच्या हातून पडलेला बिल्ला वर कसा राहिला?"

काका ओशाळलेच, चित्र डोळ्यांसमोर असून त्यांना दिसलं नव्हतं.

"तो प्लास्टिकचा होता," संपदा म्हणाली. "दर आठवड्याला पुसणाऱ्याला हे वजनावरूनच कळणार. तो कशाला चोरेल? दीपेशला उद्या मिळणारच होता. तो उद्याच्या आत नाहीसा व्हावा, अशी घाई एकालाच होती, आणि गुरुवारी चावीही त्याच्याच गळ्यात होती."

"फ्लॉईड, तुला ठाऊक होतं?" आल्बर्टचा आवाज फाटला.

"व्हय, मामा. पयल्याच दिवशी."

"आणि तू चोर ठरून निघून गेला असतास?"

आल्बर्टनी खिशातून बिल्ला काढला. "सिरियलवाल्यांचा आहे. अकरा वर्षं पोलिसाच्या वेशात कॅमेऱ्यासमोर गर्दीत उभा राहिलो. एक वाक्यसुद्धा मिळालं नाही. गावाला पत्रात मात्र पोलीस झालो म्हणून लिहिलं." एलिनाकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. "दीपेश, माईक लाव."

"अंकल, खरंच?"

"लाव."

पाण्यावरचं ऊन हलत होतं. आल्बर्ट उठून ताठ उभे राहिले. "मी आल्बर्ट. मी कधीच पोलीस नव्हतो. माझा भाचा चोर नाही."

अकरा वर्षांत कधी न मिळालेलं वाक्य एका दमात बाहेर आलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एलिना उठली आणि आधी फ्लॉईडपाशी गेली.